पाण्यासोबत चार दिवस: नीरा डाव्या कालव्याच्या काठानं

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म पाटकऱ्याच्या चौकीत झाला. आजोबा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. कालव्याचं पाणी फाट्यात, म्हणजे शाखेत, आणि तिथून शेताकडच्या चारीत सोडायचं, बंद करायचं, कुणाची पाळी कधी ते सांगायचं, हे पाटकऱ्याचं काम. हुद्दा सगळ्यात खालचा. पण पिकाचं पाणी चुकलं की रात्री दोन वाजता शेतकरी येऊन उभा राहायचा तो त्याच्याच दारात.

अण्णा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. नोकरीनिमित्त पुण्याला आले त्याला पन्नास वर्षं झाली. गेल्या फेब्रुवारीत नीऱ्याहून चुलतकाकांचा फोन आला, "उद्या पाणी सुटतंय." अण्णांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "पाण्याबरोबर जाऊ. वरून सुटलं की टेलला, पार शेवटाला, पोचेपर्यंत. मी हे कधी सलग पाहिलेलंच नाही. आपली हद्द संपली की पाणी दुसऱ्याचं व्हायचं." मी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही गाडी काढली.

दिवस पहिला: भाटघर आणि वीर

कालवा वीरला सुरू होतो, पण त्याचं पाणी येतं सह्याद्रीतून, म्हणून आधी भोरजवळ भाटघरला गेलो. वेळवंडी नदीवरचं हे धरण मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की या पाण्यात आणखी एक धरण बुडालेलं आहे. पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झालं. व्हाइटिंग नावाच्या इंजिनिअरवरून त्याच्या तलावाला लेक व्हाइटिंग म्हणत. पाणी पुरेना, म्हणून खालच्या अंगाला जास्त उंच भिंत बांधली. ते लॉइड धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झालं आणि जुनी भिंत पाण्याखाली गेली. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. साठवण साडेतेवीस टीएमसी. भिंतीवर जायला परवानगी लागते आणि फोटो काढू देत नाहीत, तेव्हा फक्त भिंतीसाठी वाट वाकडी करू नका. जलाशयाच्या कडेच्या रस्त्यावरून पाणी आणि मागचे डोंगर फार सुंदर दिसतात. आम्ही गेलो तेव्हा धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं.

भोरला इंद्रायणीचा भात आणि काळ्या घेवड्याची आमटी जेवलो, महामार्गावर येऊन शिरवळहून लोणंद रस्त्याला लागलो आणि दुपारी तीनला वीर गाठलं. म्हस्कोबाची माघ पौर्णिमेची यात्रा तोंडावर होती, देवळाजवळ मांडवाचे बांबू उभे राहत होते. अण्णांनी लांबूनच हात जोडले. त्यांचा जीव कालव्यात होता.

कालव्याचं काम १८७६ मध्ये सुरू झालं. ते साल आणि त्याच्या पुढचं साल दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचं. भीमथडी, इंदापूर ही तर कायमची अवर्षणाची पट्टी. सरकारनं कालव्याची खोदाई दुष्काळी काम म्हणून काढली. १८७७ च्या जानेवारीत, दुष्काळासाठी सरकारनं धाडलेल्या सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरची मजुरी उतरवली: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. त्याविरुद्ध दख्खनमधल्या कामांवरून हजारो मजूर उठून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे १८८५ च्या सुमारास या कालव्यातून पाणी खेळलं. इंजिनिअरांची नावं तलावांना मिळाली. टोपलीनं माती वाहिलेल्यांपैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलेलं नाही. पहिल्यांदा भरावावर पाय ठेवला तेव्हा माझ्या मनात तेच होतं.

दार थोडंच उघडलेलं होतं. पाणी एकदम सोडत नाहीत, टप्प्याटप्प्यानं वाढवत नेतात, नाहीतर कोरडे काठ ढासळतात. अण्णांनी काठावरचं पळसाचं वाळकं पान उचललं, पाण्यात टाकलं आणि त्याच्या बाजूनं चालायला लागले. आजोबा असंच करत. पानाबरोबर चालायचं, पावलं मोजायची, आणि त्यावरून घरी सांगायचं की पाणी आपल्या हद्दीत उद्या दुपारी येईल की संध्याकाळी. अण्णांना पानाच्या पुढे राहायला मुळीच कष्ट पडत नव्हते. "सावकाश आहे अजून," ते म्हणाले. "आपल्याला भरपूर वेळ आहे."

रात्री नीऱ्यात चुलतकाकांकडे मुक्काम. काकूंनी चुलीवरच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताज्या लसणीचा ठेचा केला होता.

*जाणार असाल तर:* आधी स्थानिक माणसाला "आवर्तन चालू आहे का" एवढं विचारून घ्या. पाणी नसताना कालवा म्हणजे कोरडा चर. पाणी असलं तर मात्र उतरण्याचा मोह आवरा. वरून संथ दिसतं, खाली ओढ असते, काठ शेवाळलेले असतात आणि बाहेर यायला धरायला काही नसतं. अण्णांच्या लहानपणी दर वर्षी कुणीतरी जायचं.

दिवस दुसरा: नीरा, गुऱ्हाळ आणि चौकी

पहाटे पाचला काकांनी उठवलं, कारण गुऱ्हाळ बघायचं तर पहिलं आधण चढतानाच. नीरा ही गुळाची जुनी पेठ. कालवा आला, ऊस आला आणि कारखाने नव्हते तोपर्यंत सगळा ऊस गुळात जायचा.

गुऱ्हाळ वस्तीपासून जरा बाजूला होतं. चुलाणात चिपाडं सारणारा माणूस खड्ड्यात बसलेला, त्याचा नुसता चेहरा उजेडात. वर काहिलीत रस तापत होता. उकळी यायच्या आधी त्यात भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घातलं आणि दहा मिनिटांत काळपट मळी साय धरावी तशी वर जमली. झाऱ्यानं ती काढत काढत रस हिरव्यावरून पिवळ्यावर, मग नारिंगीवर आला. गुळव्या काहीच बोलत नव्हता, नुसता आवाज ऐकत होता. रस पातळ असताना तो खळखळतो, पाक होत आला की आवाज जड होतो, डबडब असा. मग त्यानं पळीभर पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली, ती काहिलीच्या कडेवर मारली. टण् असा आवाज आला. "उतरवा," एवढंच म्हणाला. पाक वाफ्यात ओतला आणि लगेच त्याचा वास सगळ्या रानात पसरला. गरम गुळात बुडवलेल्या शेंगदाण्यांचा द्रोण माझ्या हातात आला. त्यानंतर दोन दिवस कुठलंही गोड खावंसं वाटलं नाही.

गुऱ्हाळवाल्यांनी पैसे घेतले नाहीत. आम्ही दोन ढेपा विकत घेतल्या. तुम्ही गेलात तर तुम्हीही घ्या, आणि काकवी मिळाली तर बाटली सोबत न्या.

नदीच्या पलीकडे पाडेगाव. ज्ञानोबामाउलींची पालखी नीरेवर पादुकांना स्नान घालून पलीकडे सातारा जिल्ह्यात शिरते, ती इथेच. पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. या पट्ट्यात माणसं वर्षं लक्षात ठेवतात ती उसाच्या जातींवरून. पणजोबांचा ऊस पुंड्या. अण्णांच्या बालपणीचा चारशे एकोणीस. मग १९५६ मध्ये आलेला सातशे चाळीस. काका म्हणतात, "माझ्या लग्नात सगळीकडे सातशे चाळीसच होता." त्यांच्या मुलाच्या काळातला शहाऐंशी शून्य बत्तीस, तो १९९६ चा. आणि आता दोनशे पासष्ट. पुंड्या दातांनी सोलून खाता यायचा, हे सांगताना अण्णांचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

दुपारी निंबूत ओलांडून सेवा रस्त्यानं निघालो. हा रस्ता भरावावरून जातो आणि तो लहान गाडीसाठी नाही. आधल्या दिवशी कुणाचं तरी पाणी फुटून एका ठिकाणी काळी माती ओली झाली होती, त्यात चाक रुतलं. अर्धा तास गेला. उसाच्या फडातून एक ट्रॅक्टर आला आणि त्या मुलानं गाडी ओढून काढली. मोटरसायकल किंवा सरळ पाय, हेच इथलं खरं वाहन.

त्या अर्ध्या तासामुळे अण्णा पायी पुढे गेले होते. मी पोचले तेव्हा ते चौकीसमोर उभे होते.

काळ्या दगडाच्या दोन खोल्या. कौलं गेली होती, त्यावर निळी ताडपत्री टाकलेली. समोर चूल, वाळत घातलेल्या साड्या, शेळीचं करडू. ऊसतोडीची टोळी उतरली होती. त्यांच्या कोप्या कालव्याच्या कडेनं ओळीनं उभ्या होत्या आणि ज्या जोडप्याचं बाळ लहान होतं त्याला टोळीनं ही पक्की भिंत दिली होती.

अण्णा संकोचून बाहेरच थांबले. आतून एक बाई आल्या, पंचविशीच्या असतील. अण्णा म्हणाले, "ताई, मी इथं जन्मलो. जरा आत बघू का?" त्यांनी पदर सावरला आणि बाजूला झाल्या. "या की आबा. घर तुमचंच हाय म्हना की."

आतल्या भिंतीत दाराच्या उजवीकडे कंदिलाचा कोनाडा होता. वरचा दगड अजून काजळीनं काळा. आजोबांचा कंदील तिथं असायचा, वात कमी करून, रात्रभर, हाक आली की पटकन उचलता यावा म्हणून. आता कोनाड्यात बाळाच्या औषधाची बाटली, फणी आणि मोबाईल होता. अण्णांनी काजळीवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले.

त्या ताई बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडच्या. दिवाळीनंतर आल्या होत्या, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपला की, जाणार. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती तोडणीतून फेडायची. पहाटे चारला फडात, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून ट्रॅक्टर भरायचा, मग येऊन भाकरी. मी विचारलं, बाळाला कोण बघतं? "मोठी पोरगी." मोठी पोरगी सात वर्षांची होती आणि करडाला पाला घालत होती. शाळा? "गावाकडं नाव हाय तिचं." त्यांनी आम्हाला चहा केला. दूध नव्हतं. गुळाचा काळा चहा, आणि ते पाणी त्यांनी कालव्यातूनच भरलेलं होतं. गुळाची एक ढेप आम्ही तिथे ठेवली. ती द्यायलाही मला लाज वाटली, कारण तो ऊस त्यांच्यासारख्यांनीच तोडला होता.

दुष्काळातून उठून या काठावर कामाला आलेली माणसं म्हणून मी आदल्या दिवशी टोपलीवाल्या मजुरांचा विचार केला होता. दीडशे वर्षं होत आली. त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.

दिवस तिसरा: सोमेश्वर, माळेगाव, बारामती

करंज्याच्या सोमेश्वराचं दर्शन घेऊन निघालो. सोमेश्वरनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. हंगामात या रस्त्यावर रात्री गाडी चालवू नका. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात आणि उसाचे शेंडे रस्त्यावर आलेले असतात.

वडगाव निंबाळकर, पणदरे, माळेगाव. माळेगावच्या बाजूला एका आजींना भेटायचं होतं. त्यांचं घराणं सासवडच्या माळ्यांचं. कालवा सुरू झाला तेव्हा इथल्या शेतकऱ्यांची गत अशी होती की पाऊस बरा झाला की कुणी पाणी घ्यायचं नाही, पाणीपट्टी कशाला भरा म्हणून. आणि पाऊस दडी मारून बसला की सगळे एकदम दाराशी. बागाईत ज्वारी-बाजरीसारखं होत नाही. त्याला खत लागतं, भांडवल लागतं, बाराही महिने लक्ष लागतं. ते सासवडच्या माळ्यांना येत होतं, विहिरीच्या पाण्यावर त्यांनी ते केलेलं होतं. ते इथं आले, खंडानं जमिनी घेतल्या, ऊस लावला, गूळ पाडला.

आजी शहाऐंशीच्या. दारातल्या कट्ट्यावर बसून मटार सोलत होत्या. "माझ्या सासऱ्यांचे वडील बैलगाडीनं आले. सोबत काय, तर काहील. काहील विकत मिळत नव्हती इथं. गाडीत उलटी घातली आणि तिच्याखाली पोरं बसवली उन्हाची." मग हसल्या. "लोक म्हणायचे, माळी आला की जमीन गोड होते आणि पाटील निजतो. पण आमचं बघून बघून पाटील पण शिकले की." भावकीतले बरेच जण पुढे नव्या कालव्यांकडे गेले, काही प्रवरेकडं, काही गोदावरीकडं. आणि १९३२ मध्ये माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या भागात या समाजानं स्वतःचा साखर कारखाना काढला, ते माळीनगर. १९३२ हे साल महत्त्वाचं. गुळाचे भाव मंदीत कोसळले होते आणि त्याच साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसल्यानं देशात कारखाने धडाधड उभे राहिले. सहकारी कारखाने हा त्याच्या पुढचा अध्याय. माळेगावचा पन्नासच्या दशकातला.

आजींनी जाताना मटार माझ्या ओंजळीत घातले. "खात जा गाडीत."

या पट्ट्यावर आणखी एका माणसाचा ठसा आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८९९ मध्ये पाटबंधाऱ्याच्या कामावर पुण्याला आले आणि त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ऊस जिथे तिथे विखुरला की पाणी वाटेत मुरतं. म्हणून गट पाडायचे, सहा वर्षांच्या करारानं पाण्याची हमी द्यायची, गटाच्या तिसऱ्या हिश्शात ऊस आणि बाकीच्यात हंगामी पिकं, दर वर्षी जागा बदलत. अण्णांच्या तोंडी "ब्लॉकाची जमीन" हा शब्द इतका सहज येतो की तो कुणी कधी शोधून काढला असेल असं मला वाटलंच नव्हतं. मला ही पद्धत फार शहाणी वाटते. पाणी सगळ्यांना, ऊस मोजका.

तसं राहिलं असतं तर चोपण, म्हणजे खारवलेली जमीन, कमी झालं असतं का, हे बारामतीकडे जाताना मनात येत होतं. रस्त्याच्या खालच्या अंगाला काही तुकडे पांढुरके दिसतात, कडेला मीठ फुटल्यासारखे. वरून सारखं पाणी, खाली निचरा नाही, मग क्षार वर येतात आणि जमीन खारवट होते. ही तक्रार आजची नाही. कृषिशास्त्रज्ञ डॉ. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास छापला होता, म्हणजे पाणी आल्यावर पंचवीसच वर्षांत. एका शेतकऱ्यानं आम्हाला त्याचा तुकडा दाखवला. चर काढून, सच्छिद्र पाइप पुरून, जिप्सम टाकून चार वर्षांत त्यानं अर्धा एकर परत आणला होता. बांधावर उभा राहून तो त्या अर्ध्या एकरातला हरभरा आम्हाला एखाद्या लेकराची ओळख करून द्यावी तसा दाखवत होता.

बारामतीत जेवण, थोडी झोप. कऱ्हेच्या काठी मोरोपंत राहत तो भाग पाहिला. पंतांचं निधन १७९४ चं. त्यांच्या बारामतीला कालवा ठाऊक नव्हता, कऱ्हा होती आणि पाऊस होता. रेल्वे आली १९१४ मध्ये, दौंडहून, अरुंद गेजची. रुंद झाली ती पुढे. आता शहरातून कालवा जातो त्याचे काठ बांधून काढलेले आहेत, संध्याकाळी माणसं फिरायला येतात. चांगलं आहे. अण्णांना मात्र काँक्रीटच्या अस्तरानं अस्वस्थ केलं.

अस्तरीकरणाचा वाद या कालव्यावर जुना आहे. अस्तर केलं की गळती थांबते आणि टेलपर्यंत पाणी पोचतं. पण कालव्याखालच्या विहिरी या गळतीवरच जगतात, त्याला गळती न म्हणता पाझर म्हणतात. अण्णांची अर्धी नाती पाझरावर आहेत. ते ठामपणे म्हणाले, "मातीचा कालवा जिवंत असतो." मी त्या वेळी गप्प बसले. टेल बघितल्याशिवाय मला बोलायचं नव्हतं.

सूर्य कलल्यावर शहराबाहेर पूर्वेला निघालो आणि एका पुलावर थांबलो. खाली कालवा जवळजवळ कोरडा, मध्ये थोडं डबकं. दहा-बारा माणसं कठड्याला टेकून उभी. आम्ही पाण्याच्या पुढे आलो होतो.

वीसेक मिनिटांनी ते आलं. आधी आवाज नाही, वास. ओल्या धुळीचा. मग वळणावरून एक तपकिरी जीभ सरकत आली, पुढे काटक्या, बाटल्या, पाचट, फेस, आणि त्यावरून उड्या मारत पळणारे बेडूक. बगळे भराभर उतरले. डबक्याला येऊन मिळालं तेव्हा क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि मग उचलून पुढे गेलं. पुलावरच्या एका पोरानं खाली बघत लगेच फोन लावला, "आलं बरं का. सकाळी मोटारी बघून ठेव." अण्णांनी घड्याळ बघितलं आणि वेळ तळहातावर पेनानं लिहिली.

दिवस चौथा: वालचंदनगर आणि टेल

पाणी मागे ठेवून आम्ही पुढे निघालो. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन. या भागात पत्ता विचारला की गावाआधी फाट्याचा नंबर सांगतात. कितव्या फाट्यावर राहता, यावरून समोरच्याला कळतं की तुमच्याकडे पाणी कधी येतं आणि किती.

जंक्शनहून वालचंदनगर. एका कंपनीची कळंबची शेती वालचंद हिराचंद यांनी घेतली, तीसच्या दशकात साखर कारखाना उभा केला आणि माळरानावर अख्खं गाव वसवलं. पुढे तिथे जड यंत्रं तयार व्हायला लागली आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागही इथून गेले. सरळ रेषेतले रस्ते, जुनी मोठी झाडं, कामगारांच्या चाळी. दुपारच्या उन्हात गाव फार शांत होतं. सावलीत बसून आम्ही डबा खाल्ला आणि पुढे सरकलो.

निमगाव केतकीला पानमळे आणि डाळिंबं. पानमळ्यात शिरलं की आत पाच अंशांनी तरी गार वाटतं. उंच शेवरीच्या आधारानं चढलेल्या वेली, पायाखाली ओल, आणि उजेड हिरवा. मळेवाल्यानं एक पान खुडून दिलं. तिखट आणि कोवळं. सकाळी लवकर गेलात तर पानांची प्रतवारी बघायला मिळते.

ज्यांच्याकडे उतरायचं होतं ते अण्णांच्या शाळूसोबत्याचे मेहुणे. पाच एकर, चारीच्या शेवटाला. ज्वारी निसवली होती आणि खालची पानं पिवळी पडत होती. चारीत भेगा. पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज भरलेला, पाणीपट्टी भरलेली, शेजपाळीत, म्हणजे पाळ्यांच्या यादीत, नाव लागलेलं, वेळ रात्री दोन ते पहाटे सहा. "कागदावर टेल टू हेड," ते म्हणाले. "आधी शेवटच्याला, मग वर. नियम चांगलाय. पण वर डोंगळे पडले की आमच्याकडं काय उरतं?" कालव्याच्या काठावरून पाइप टाकून पाणी ओढून घेतात, त्या पाइपांना इकडे डोंगळे म्हणतात. वाटेत आम्ही ते किती तरी पाहिले होते, काठावर काळे, वाकडे, अर्धे पाण्यात. मागची पाळी त्यांना चार तासांऐवजी दीड तास मिळाली होती.

अण्णा ऐकत होते. पाझर, अस्तर, काही बोलले नाहीत. जेवताना एवढंच विचारलं, "विहीर किती खोल?" "साठ फूट. कोरडी." मला वाटतं, वरच्यांच्या विहिरींची काळजी खरी आहे, पण पैसे भरूनही ज्याच्या बांधावर पाणी येत नाही त्याचं गाऱ्हाणं आधी ऐकायला हवं. मी तसं बोलले. अण्णांनी मान हलवली आणि भाकरी मोडत राहिले.

*इथे यायचं तर* राहायची सोय बारामतीत किंवा इंदापुरात करा. आम्ही घरी राहिलो. फेब्रुवारीत रात्री गारठा असतो, दिवसा ऊन चटका देतं. दोन्हीचे कपडे घ्या. रात्री रानात जाणार असाल तर बंद बूट आणि बॅटरी हवीच.

दीडला उठलो. चांदणं स्वच्छ होतं. चारीच्या कडेला गोणपाटावर बसलो, मेहुण्यांनी शेकोटी पेटवली. दोन वाजले. सव्वादोन. वरच्या बांधावर एक बॅटरी हलली, विझली. मेहुणे उठून वर बघून आले, परत बसले. अण्णांनी सांगायला सुरुवात केली. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात आजोबा दारावरच पथारी टाकून झोपत. घरी जेवायलासुद्धा येत नसत, अण्णाच डबा घेऊन जायचे. एकदा वरच्या अंगाचा एक बडा बागाईतदार गूळ-खोबऱ्याची पाटी घेऊन आला, अर्धा तास दार जास्त ठेवा म्हणून. आजोबांनी पाटीतलं एक खोबऱ्याचं बोटूक उचललं, अण्णांच्या हातावर ठेवलं आणि पाटी परत दिली. "खाली माणसं बसलीत," एवढंच म्हणाले.

पावणेतीनला चारीत काहीतरी खुसखुसलं. पाचट सरकल्याचा आवाज. मेहुण्यांनी बॅटरी मारली. भेगांमधून फेस वर येत होता, पाणी आधी भेगा पीत होतं, मग वर दिसायला लागलं, घोट्याएवढं. फार नव्हतं. पण आलं होतं.

मेहुणे फावडं घेऊन खालच्या वाफ्याकडे पळाले आणि तिथून ओरडले, "दाजी, वरचं दारं धरता का?"

अण्णांनी चपला काढल्या, धोतर खोचलं, माझ्या हातात बॅटरी दिली आणि चिखलात उतरले. फावड्यानं मातीचा बांध एका घावात फोडला, दोन ढेकळं उचलून दुसऱ्या बाजूला लावली. पाणी वळून ज्वारीत शिरलं. "उजेड पायाशी धर," मला म्हणाले. "तोंडावर नको."

सहापर्यंत आम्ही दोन एकर भिजवले.